हल्लू चढो, अम्मा : हैदराबादेत चार दिवस

आईचे वडील हैदराबादला कधीच हैदराबाद म्हणत नसत. ते नुसतं 'शहर' म्हणायचे. "मी शहरात होतो तेव्हा" अशी सुरुवात झाली की पुढचा अर्धा तास उस्मानिया विद्यापीठ, इराण्याचा चहा आणि मुशी नदी ऐकायची आमची तयारी असायची. अण्णा कळंबजवळच्या खेड्यातले. उस्मानियात शिकायचं म्हणजे इतिहास उर्दूतून, अर्थशास्त्रही उर्दूतून. मराठी शाळेतून गेलेल्या मुलाला ते किती जड गेलं असेल, याचा विचार मी लहानपणी कधी केला नाही. १९४८च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीने त्यांनी घरची माणसं हद्दीपलीकडे बार्शीला नेऊन ठेवली. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, ते गावी परतले, महसूल खात्यात लागले. शहराची आठवण शेवटपर्यंत काढली, पण पुन्हा तिकडे पाऊल टाकलं नाही.

आई १९५०ची. तिनेही शहर पाहिलेलं नव्हतं. गेल्या डिसेंबरात मी रजा टाकली आणि छत्रपती संभाजीनगरहून काचीगुड्याची दोन तिकिटं काढली.

पहिला दिवस, शनिवार

रात्रीच्या गाडीत आई झोपलीच नाही. नांदेड मध्यरात्री गेलं. बासरला गोदावरीच्या पुलावर गाडीचा आवाज बदलला तशी ती उठून बसली, अंधारातच नदीला हात जोडले आणि पुन्हा शाल ओढून घेतली. निजामाबादनंतर उजाडलं. खडकांच्या टेकड्या सुरू झाल्या. एकावर एक गोटे रचून ठेवावेत तसे गुळगुळीत करडे दगड. आपल्याकडच्या काळ्या बेसाल्टची सवय असलेल्या डोळ्यांना हा ग्रॅनाइट वेगळाच वाटतो. शहरात पुढे जे काही पाहिलं त्यातलं बरंचसं याच दगडाचं होतं.

काचीगुडा स्टेशन १९१६चं आहे. पांढरे घुमट, कोपऱ्यांवर मिनार. गाडीतून उतरलेला माणूस राजवाड्यात आल्यासारखा इकडेतिकडे बघतो. अण्णा याच फलाटावर उतरले असणार. आई पाच मिनिटं नुसती उभी राहिली. हमाल सामान मागत होता, तिला ऐकू येत नव्हतं.

कोठी भागातल्या ज्या लॉजमध्ये आम्ही खोली घेतली होती तिथली लिफ्ट बंद निघाली आणि खोली तिसऱ्या मजल्यावर. फोनवर दोनदा विचारून घेतलं होतं, म्हणून वाईट वाटलं. तासभर थांबल्यावर तळमजल्यावरची खोली मिळाली. आईच्या गुडघ्यांना पुढचे चार दिवस पुरायचं होतं, त्यामुळे मी हटून बसले ते बरंच झालं.

दुपारनंतर सुलतान बाजारात हिंडलो. हा भाग जुन्या मराठी वस्तीचा. बडी चावडी, काचीगुडा, जांबाग इकडे वकील, शिक्षक, सराफ अशी मराठी घरं होती, काही अजून आहेत. जांबागला विवेक वर्धिनीची इमारत बाहेरून पाहिली. केशवराव कोरटकरांसारख्या मराठी मंडळींनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही शाळा काढली. उर्दू राजभाषा असलेल्या राज्यात मराठी मुलांना मराठीतून शिकता यावं म्हणून केलेला खटाटोप होता तो. साड्यांच्या एका दुकानात आईने सवयीने "जरा काठ दाखवा" म्हटलं आणि गल्ल्यावरच्या बाईंनी "कुठल्या तुम्ही?" असं मराठीतच विचारलं. मग साडी राहिली बाजूला. त्यांचं माहेर लातूरचं निघालं.

संध्याकाळी मोअज्जम जाही मार्केट. १९३५च्या सुमाराचं हे दगडी मार्केट सातव्या निजामाच्या दुसऱ्या मुलाच्या नावाने बांधलेलं. मध्ये घड्याळाचा मनोरा, दोन्ही बाजूंना कमानींची रांग. तिथे हाताने घोटलेलं फळांचं आइस्क्रीम मिळतं. आईने सीताफळाचं घेतलं. बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं खात वाढलेली बाई, तिचा अभिप्राय महत्त्वाचा. दोन चमचे तोंडात घोळवून म्हणाली, "बिया काढायला कुणीतरी जीव ओतलाय." दुसरा कप मागवला.

दुसरा दिवस, रविवार

चारमिनार बघायचा तर सकाळी. दहानंतर तिथे माणसांतून वाट काढावी लागते. आम्ही आधी शेजारच्या इराणी हॉटेलात उभ्याने चहा घेतला. दूध वेगळं आटवलेलं, चहाचा अर्क वेगळा उकळलेला, दोन्ही कपात भेटतात. सोबत उस्मानिया बिस्कीट, गोड आणि किंचित खारट, चहात बुडवलं की लगेच विरघळणारं. आई म्हणाली, "अण्णा घरी चहात खारी बुडवून म्हणायचे, ही ती चव नाही." ती चव ही होती तर.

चारमिनार १५९१चा. मुहम्मद कुली कुतुबशहाने गोवळकोंड्याची दाटी सोडून मुशीच्या दक्षिणेला नवं शहर वसवलं, आणि त्याच्या मधोमध हा उभा केला. हिजरी सनाचं हजारावं वर्ष तेव्हा उजाडत होतं. चार बाजूंना चार रस्ते जातात, त्यामुळे ही इमारत म्हणजे त्या नव्या शहराच्या नकाशातली पहिली खूण. मिनार ५६ मीटर उंच. दगड आणि चुना, वर गिलाव्यातली नक्षी. लांबून जो नाजूकपणा दिसतो तो सगळा त्या गिलाव्याचा आहे. जवळ गेलं की भिंतींची जाडी कळते.

मी म्हटलं, आपण खालूनच बघू. आई म्हणाली, "इथवर आले ती खालून बघायला?" जिना मिनाराच्या आतून गोल फिरत जातो. पायऱ्या उंच आणि अरुंद, वरून येणाऱ्याला अंग चोरावं लागतं. आई एका हाताने भिंत धरून, दुसरा माझ्या खांद्यावर ठेवून चढत होती. वळणावर उभा असलेला पहारेकरी वाकून म्हणाला, "हल्लू चढो, अम्मा, हल्लू."

आई तिथेच थांबली. मागे माणसं खोळंबली. "काय म्हणाला गं तो?"

"हळू म्हणाला."

"हल्लू म्हणाला. अण्णा आम्हाला पोहऱ्याने पाणी काढताना असंच म्हणायचे. हल्लू."

तिथून आईचा एक उद्योग सुरू झाला, तो परतीच्या गाडीपर्यंत चालला. हैदराबादी बोलीत सापडलेला प्रत्येक मराठी शब्द ती मला हात दाबून दाखवायची. नको म्हणायला इथे 'नक्को'. 'यहींच', 'आजइच', 'उसकूच' यातला जोर देणारा 'च' सरळ आपला. दख्खनी ही भाषा या मातीत मराठी, तेलुगू, कन्नड यांच्या शेजारात वाढली आणि दिल्लीची उर्दू घडत होती त्याच्या आधीपासून इथे कविता लिहिली जात होती. चारमिनार बांधणारा मुहम्मद कुली स्वतः दख्खनीत लिहायचा. वसंतावर, पावसावर, सणांवर, फळं आणि भाज्यांवरसुद्धा. राजाने भाजीवर कविता करावी हे आईला फार आवडलं.

पहिल्या मजल्यावरच्या सज्जातून उत्तरेला चारकमानी दिसतात आणि दक्षिणेला मक्का मशीद. खाली चहाच्या किटल्या, फुगे, हातगाड्या, बुरखे, गजरे. आई म्हणाली, "अण्णांनी सांगितलेलं इथून दिसतं तसंच आहे, फक्त टांगे नाहीत."

मग लाड बाजार. लाखेच्या बांगड्यांची ही गल्ली. एका दुकानाच्या दारात कारागीर निखाऱ्यावर लाख मऊ करत बसला होता. काठीवर गुंडाळलेली लाख तापवायची, पट्टी ओढायची, कडं वळवायचं आणि थंड व्हायच्या आत एकेक खडा चिमट्याने बसवायचा. बोटं किती वेळा भाजत असतील. मुंबई-पुण्यात याच बांगड्या 'हैदराबादी सेट' म्हणून घेताना आपण घासाघीस करतो. त्या माणसाची बोटं पाहिल्यावर मला भाव करवेना.

बांगड्या बांधून होईपर्यंत आईने पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली. आत घडीवर जीर्ण झालेला, पिवळा पडलेला कागद. मला माहीतच नव्हतं की तिने तो आणलाय. अण्णांच्या ट्रंकेतला, उर्दूतला. मराठवाड्यात असे कागद घरोघरी आहेत, जमिनीचे, इनामाचे, नोकरीचे. लिहिणारी पिढी गेली आणि वाचणारं कुणी उरलं नाही. आमच्याही घरात तो कागद 'अण्णांचा बी.ए.चा' एवढ्याच ओळखीवर जपलेला.

दुकानदाराने तो आतल्या बाजूला बसलेल्या आपल्या वडिलांकडे नेला. म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा बदलला, कागद उजेडाकडे धरला आणि आधी त्यावरच्या नावाला सलाम केल्यासारखी मान लववली. "ये तो जामिया का है, अम्मा. जामिया उस्मानिया." मग एकेक ओळ मोठ्याने वाचली. नाव. वडिलांचं नाव. तालुका कळंब. सन १३५२ फसली, म्हणजे आपलं १९४३. मग म्हणाले, "दर्जा-ए-सोम."

"सोम म्हणजे?"

"तीसरा दर्जा, अम्मा."

आईने पुन्हा वाचायला लावलं. अण्णा आम्हा सगळ्यांना आयुष्यभर सेकंड क्लास सांगत आले होते. मामाच्या दहावीच्या निकालाला तर त्यावरून केवढं बोलले होते. आई थोडा वेळ काही बोलली नाही. कागद घडी न मोडता पिशवीत घातला. बाहेर आल्यावर म्हणाली, "त्रेचाळीस साली त्यांचे वडील गेले ना गं. परीक्षेच्या तोंडावरच. दहाव्या-बाराव्याला जाऊन परत आले आणि पेपर दिले, असं आजी सांगायची." एवढंच. त्या गृहस्थांनी वाचायचे पैसे विचारू दिले नाहीत. उलट बांगड्यांच्या पुडीत खड्यांची एक जास्तीची जोडी घातली होती, ती आम्हाला रात्री सापडली.

मक्का मशिदीचं काम १६१७ला सुरू झालं आणि औरंगजेबाने गोवळकोंडा घेतल्यावर १६९४ला संपलं. अंगणात एका बाजूला निजामांच्या कबरी आहेत, ओळीने, साध्या संगमरवराच्या. दुसऱ्या निजामापासून सहाव्यापर्यंत. पहिला निजाम, आसफजाह, इथे नाही. तो आमच्याकडे खुलताबादला आहे. त्याच्या काळी राजधानी औरंगाबाद होती, १७६३च्या सुमारास निजाम अलीने ती इकडे हलवली. शाळेत आम्ही हे एका ओळीत शिकलो होतो. त्या अंगणात उभं राहिल्यावर ती ओळ लांबलचक झाली. आमच्या शहरातून दरबार, कारखाने, कारागीर, कवी सगळे उठून या रस्त्यांवर आले असणार.

चौमहल्ला पॅलेसमध्ये दुपार गेली. खिलवत मुबारक हा दरबार हॉल, वर बेल्जियन काचेची १९ झुंबरं. पिवळी रोल्स रॉईस १९१२ची, एका काचेआड. मला त्या वैभवापेक्षा हौदाकाठची सावली जास्त आठवते. आई तिथे पाय पसरून बसली आणि बगारा बैंगनची कृती एका अनोळखी बाईकडून समजून घेतली. तीळ, शेंगदाणे, खोबरं भाजून वाटायचं, चिंचेचा कोळ. "आपलं भरलं वांगंच की," आई म्हणाली. बाई म्हणाल्या, "हौ, मगर नक्को भरना पूरा, मसाला बाहर भी होना." आईने पुन्हा माझा हात दाबला.

तिसरा दिवस, सोमवार

गोवळकोंड्यासाठी मी अख्खा दिवस राखून ठेवला होता. आपल्या बखरींमध्ये या शहराचं नाव भागानगर. १६७७च्या सुरुवातीला शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयाला निघाले ते आधी इथे आले, अबुल हसन कुतुबशहाला भेटायला. हाच तानाशहा. सभासद बखरीत लिहून ठेवलंय की शहर शृंगारलं होतं, गल्लोगल्ली कुंकुमकेशराचे सडे घातले होते. मादण्णा आणि आकण्णा हे दोघे ब्राह्मण बंधू तेव्हा कुतुबशाहीचा कारभार बघत आणि मराठ्यांच्या वतीने प्रल्हाद निराजींनी बोलणी पुढे नेली होती. महाराज जवळपास महिनाभर राहिले. पुढच्या मोहिमेसाठी पैसा आणि तोफखाना मिळाला. येसाजी कंकांची हत्तीशी झुंज सांगतात तीही याच भेटीतली, आपल्याकडच्या प्रत्येक मुलाला तोंडपाठ असलेली. पण ज्या महालात ती भेट झाली तो आज उभा नाही. चारमिनारच्या आसपास कुतुबशाही राजवाडे होते, त्यांतलं जवळपास काहीच राहिलेलं नाही. काल आम्ही त्या मातीवरून चालत गेलो होतो.

बाला हिस्सार दरवाजाच्या घुमटाखाली गाईड माणसांना टाळ्या वाजवायला लावतात. एका ठराविक जागी उभं राहून टाळी वाजवली की ती वर टेकडीच्या माथ्यावरच्या बारादरीत ऐकू येते. पहारेकऱ्याने खालून इशारा द्यावा आणि वर राजाला कळावं. घुमटाच्या आतला पैलूदार आकार आवाज एकवटून वर फेकतो. आईचे गुडघे काल चारमिनारने खाल्ले होते, तेव्हा ती खाली बसणार आणि मी चढणार असं ठरलं.

"मी टाळी वाजवीन, तू ऐक," आई म्हणाली.

"इथे सगळेच वाजवतायत. तुझी कशी ओळखू?"

"ओळखशील."

पायऱ्या साडेतीनशेच्या वर आहेत. वाटेत रामदासाची कोठडी लागते. समर्थ नव्हेत, भद्राचलमचे रामदास. कंचर्ला गोपन्ना हा कुतुबशाहीतला तहसीलदार, मादण्णांचा भाचा असं म्हणतात. त्याने सरकारी वसुलातून भद्राचलमला रामाचं देऊळ बांधलं आणि बारा वर्षं या अंधाऱ्या खोलीत काढली. दगडावर त्याने कोरलेल्या देवांच्या आकृती आहेत, वरून एका झरोक्यातून उजेड येतो. रामाची पदं त्याने इथे रचली आणि आजही तेलुगू घरांत ती गायली जातात. अखेर राम-लक्ष्मणच शिपायांच्या वेषात येऊन तानाशहाला पैसे देऊन गेले अशी कथा आहे. आपल्या दामाजीपंतांची गोष्टच ही! मंगळवेढ्याला विठू महार होऊन आला, इथे राम आला. बिदरचा बादशहा आणि गोवळकोंड्याचा बादशहा, दोन्हीकडे तहसीलदार भक्त, दोन्हीकडे देव स्वतः भरणा करतो. मी तिथे बराच वेळ उभी होते.

वर जाताना भिंतीत मातीचे फुटके नळ दिसतात. रहाटांनी पाणी टप्प्याटप्प्याने चढवून वरच्या हौदांत सोडायचे, तिथून नळांनी महालांत. वाटेत जगदंबा महाकालीचं देऊळ आहे. आषाढात बोनालूची, म्हणजे तेलंगणातल्या देवीच्या सणाची, सुरुवात इथून होते.

माथ्यावर पोचले तेव्हा वारा जोरात होता. खालून टाळ्यांचे आवाज येत होते, लाह्या फुटाव्यात तसे, अगदी बारीक. मी आईला फोन केला, "वाजव." काही सेकंद तोच गोंधळ. मग त्यातून एक सारखा ठेका वर यायला लागला. हरिपाठाचा. आमच्या घरी दर संध्याकाळी चालतो तो. मध्येच दुसऱ्या कुणाच्या टाळ्या मिसळायच्या आणि पुन्हा तो ठेका स्वच्छ व्हायचा. दगडी कठड्याला कान लावल्यासारखी मी वाकून उभी होते. शेजारच्या कुटुंबातल्या मुलाला मी बोट वर करून गप्प केलं आणि तोही ऐकू लागला.

माथ्यावरून उत्तरेला कुतुबशाही कबरींचे घुमट दिसतात. दुपारी तिथे गेलो. किल्ल्यापेक्षा ही जागा मला जास्त आवडली, आणि ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांनी ती गाळू नये असं मनापासून सांगते. मोठी बाग, त्यात कांद्याच्या आकाराचे घुमट, प्रत्येकाखाली चौकोनी, कमानींची इमारत. मुहम्मद कुलीची कबर सगळ्यांत भव्य. २०१३पासून आगा खान ट्रस्टने इथे दुरुस्ती केली. सिमेंटचे जुने थर खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा चढवला, कोसळलेली बडी बावडी उपसून बांधून काढली. आता तिच्यात पाणी आहे. देवगिरीच्या पायथ्याशी, खुलताबादच्या वाटेवर असे कितीतरी घुमट झाडं उगवून फुटत आलेले मी रोज बघते. चुना, गूळ, बेलफळ कालवणारे हात इथे पुन्हा तयार झाले, तसे तिकडेही व्हावेत अशी फार इच्छा झाली.

कबरी मोजताना आईने विचारलं, "तानाशहाची कुठली?" ती इथे नाही. १६८७ला औरंगजेबाने आठ महिने वेढा घातला, तरी किल्ला पडेना. शेवटी आतल्या माणसाने एका रात्री दार उघडलं. तानाशहाला कैद करून दौलताबादला पाठवलं, चिनी महालात. तिथे तो सुमारे बारा वर्षं होता आणि तिथेच गेला. पुरलंय खुलताबादला. चिनी महालाच्या निळ्या फरशांचे चार-दोन तुकडे अजून भिंतीला चिकटलेले आहेत, शाळेच्या सहलीत आम्ही ते बघितलेत. दरवर्षी आम्ही भद्रा मारुतीला पायी जातो, रात्रभर चालून. ज्या राजाने महाराजांसाठी हे शहर शृंगारलं तो त्या वाटेपासून हाकेच्या अंतरावर निजलाय. इतकी वर्षं माझ्या मनात हे दोन धागे एकत्र आले नव्हते.

संध्याकाळी हुसेनसागर. तलाव १५६२चा, इब्राहिम कुतुबशहाच्या वेळचा. मधल्या बुद्धाची मूर्ती १८ मीटरची, एकाच ग्रॅनाइटची. १९९०ला ती नेताना तराफा कलंडला, माणसं बुडाली, मूर्ती दोन वर्षं तळाशी राहिली आणि १९९२ला वर काढून उभी केली. आम्ही होडीत बसलो नाही. बांधावर बसून भाजलेलं कणीस खाल्लं.

चौथा दिवस, मंगळवार

आवराआवर करून सामान लॉजवर ठेवलं आणि आधी अफझलगंजला उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारात गेलो. मला एक झाड बघायचं होतं. २८ सप्टेंबर १९०८ला मुशीला महापूर आला, हजारो माणसं गेली. नदीकाठच्या एका चिंचेवर सुमारे दीडशे माणसं चढून बसली आणि वाचली. ते झाड अजून आहे. खोड पोकळ, फांद्यांना आधार दिलेला, पण पाला हिरवागार. या पुरानंतर निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवणारे तेच. त्यांच्या सल्ल्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले, पूर अडला आणि शहराला पाणीही मिळालं. आईने झाडाला कुंकू नव्हतं म्हणून नुसता हात लावला.

सालारजंग म्युझियम पलीकडच्या काठावर आहे. सालारजंग हे निजामाच्या दिवाणांचं घराणं. त्यातल्या तिसऱ्या सालारजंगाने जमवलेला हा संग्रह एका दिवसात होत नाही. आम्ही ठरवून तीनच गोष्टी पाहिल्या. इटालियन शिल्पकार बेनझोनीची बुरख्यातली रेबेका, १८७६ची. संगमरवराचा चेहरा आणि त्यावर संगमरवराचाच झिरझिरीत पदर. आई म्हणाली, "ओल्या पातळासारखं दिसतंय." दुसरी, एकाच लाकडात दोन बाजूंनी कोरलेली मूर्ती, पुढून 'फाउस्ट' नाटकातला सैतान मेफिस्टोफिलीस आणि मागच्या आरशात त्याच नाटकातली, खाली मान घातलेली मार्गारेट. आणि तिसरं, घड्याळ. पावणेबारालाच जाऊन बसलो, तरी दोनएकशे माणसं आधी होती. ठोक्याच्या आधी छोटं दार उघडून दाढीवाला बाहुला येतो आणि तास देतो. बाराला बारा ठोके. मुलं मोठ्याने मोजत होती, तेलुगू, उर्दू, हिंदी, सगळ्या भाषांत. आई मराठीत.

मला मात्र पहिल्या सालारजंगाची तसबीर बघायची होती. याच दिवाणाने १८६५ला जिल्हाबंदी केली. आपल्याकडचे जिल्हे, तहसील, दफ्तरं हा सांगाडा तेव्हा बसला. अव्वल तालुकदार, पेशकार, गिरदावर हे अण्णांच्या तोंडचे शब्द इथून निघून आमच्या ओसरीपर्यंत आले होते.

शेवटी उस्मानिया. आर्ट्स कॉलेजची इमारत १९३९ची, म्हणजे अण्णा आले तेव्हा कोरी असणार. गुलाबीसर ग्रॅनाइट, प्रवेशाची कमान एवढी उंच की मान मागे टाकावी लागते. आईने अण्णांची एक गोष्ट वाटेत सांगितली. पहिला महिनाभर ते या इमारतीत चपला काढून, हातात घेऊन चालायचे. आत चपलेचा आवाज घुमायचा आणि सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटायचं. घरी यावर सगळे हसत. खेड्यातून आलेलं पोर, सतरा-अठरा वर्षांचं.

मुलं क्रिकेटवर बोलत पायऱ्यांवर बसली होती. आई आत गेली आणि त्या उंच घुमटाखाली चपला काढून उभी राहिली. दारावरचा माणूस म्हणाला, "नक्को उतारो अम्मा, फर्श ठंडी है." तिने मान हलवली आणि तशीच दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. येताना चपला घालून आली, पाय आपटत. आवाज खरंच घुमतो.

संध्याकाळची गाडी काचीगुड्याहून सुटली. मेडचल मागे पडल्यावर आईने मामाला फोन लावला. रेंज येत-जात होती, त्यामुळे ती मोठ्याने बोलत होती आणि डब्यातले सगळे ऐकत होते.

"दादा, अण्णांचा कागद वाचून घेतला. थर्ड क्लास होता त्यांना." मग बराच वेळ मामा बोलत होता. आई ऐकत होती, मधूनच "हौ, हौ" म्हणत होती. "ते मरू दे. ऐक. ती इमारत सांगायचे ना ते? त्यांनी कमीच सांगितलंय. फार मोठी आहे रे."